गंजाला फुटलेली पानं

ओल्या कापडाचं घट्ट बांधलेलं गाठोडं सोडताना एक आवाज होतो. सुतळीचा पीळ सैलावतो, आत कोंडलेली वाफ दबकत बाहेर येते आणि दोन दिवस कापडाला बिलगून राहिलेली पानं सुटताना इतकी बारीक चुरचुरतात, की शेजारी बकरी पाला चघळत असली तरी तो आवाज बुडून जातो. निर्मलाताईंची आठवण मला आधी कानाने होते ती अशी. मागोमाग वास येतो, हिरड्याच्या काढ्याचा तुरट, बाभळीच्या शेंगांचा किंचित आंबूस आणि त्या दोन्हींच्या तळाशी, ओठ फुटल्यावर जिभेला लागते तशी लोखंडाची चव. मग हिवाळ्यातल्या सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे हात दिसू लागतात. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढंच. मधली तीन बोटं नाहीत. त्या उरलेल्या दोन बोटांच्या चिमटीत, चिमणीने काडी धरावी तशी, ताई कापडाची कड धरीत आणि डाव्या हाताने एकेक घडी उलगडत जात. पांढऱ्या मांजरपाटावर एखादं काळं दातेरी चाक उमटलेलं असे आणि त्याच्या दात्यांमधून सागाचं पान लालसर होऊन बाहेर आलेलं असे. मान किंचित कलती करून, बऱ्याच दिवसांनी माहेरी आलेल्या लेकीकडे पाहावं तशा त्या त्याच्याकडे पाहत राहत.

मी आसेगावला चित्रकलेची शिक्षिका म्हणून गेले तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. अमरावतीला पाच वर्षं चित्रकला शिकून मी आले होते. रंगचक्र, प्रमाणबद्धता, छायाप्रकाश हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि स्वतःचं म्हणावं असं एकही चित्र माझ्या नावावर नव्हतं. वर्गात मुलं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली वाहणारी नदी काढत. आमच्या खिडकीतून मात्र सोयाबीनचं सपाट हिरवंगार शेत दिसे आणि डोंगर म्हणावा असं काहीच दिसत नसे. मी त्या डोंगरांना गुण देत असे.

घरात माणसं दोनच होती. ताई पन्नाशीच्या, सावळ्या, उंच, चालताना डावा खांदा किंचित पुढे टाकणाऱ्या. त्यांचे यजमान माणिकभाऊ सकाळी बकऱ्या घेऊन जात आणि उन्हं कलली की परत येत. पौर्णिमेला दोघं पांढऱ्या कपड्यांत विहारात जाऊन वंदना करून येत, ताई पुढे आणि भाऊ चार पावलं मागे. त्यांचं आपसात भांडण कधी ऐकू आलं नाही, पण बोलणंही फारसं ऐकू येत नसे. मला सुरुवातीला तो समजूतदारपणा वाटला. पुढे कळलं, की त्या शांततेच्या मध्यभागी एक वस्तू उभी होती आणि दोघंही तिला वळसा घालून चालत होती.

ती वस्तू घरामागे होती. सोयाबीन मळायचं जुनं थ्रेशर. चाकं मातीत रुतलेली, पत्र्याचा रंग उडून विटकरी झालेला, चाळणीतून कारल्याचा रानटी वेल वर चढलेला. पावसाळ्यात त्याच्या छपराखाली कोंबड्या बसत. ताई तिथे गोवऱ्या रचून ठेवत, दोरी बांधून कपडे वाळत घालत. माणिकभाऊ मात्र बकऱ्यांचा गोठा मागे असूनही लांबून, बांधावरून फिरून जात.

हकीकत मला ताईंनीच सांगितली, तुरीच्या शेंगा सोलताना, दुसऱ्या कोणाची तरी असावी इतक्या सहज. सात वर्षांपूर्वी माणिकभाऊंकडे ट्रॅक्टर होता आणि हे थ्रेशर. हंगामात ते गावोगाव मळणी करत. पार मानोऱ्याच्या तांड्यांपर्यंत त्यांना बोलावणं असे. त्या दिवशी मात्र मळणी घरच्याच शेतात होती. आदल्या दिवशी पाऊस शिंतडला होता, सोयाबीन ओलसर होतं, मजूर बाया कमी पडल्या म्हणून ताई स्वतः मशीनच्या तोंडाशी पेंढ्या सारत होत्या. एक पेंढी अडकली. त्यांनी ती हाताने दाबली आणि पेंढीबरोबर हातही आत ओढला गेला. त्या ओरडल्या. माणिकभाऊ ट्रॅक्टरवर, पाठमोरे. मशीनच्या त्या घरघरीत माणसाचा आवाज किती टिकणार. एका बाईने हात हलवला, तो त्यांनी पाहिला. त्यांना वाटलं, पाणी मागून राहिली. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा समोर पाहू लागले. मशीन बंद झाली ती दुसरी बाई ट्रॅक्टरवर चढली तेव्हा.

दवाखान्यातून घरी आल्यावर ताई डाव्या हाताने भाकरी थापायला शिकल्या, सही करायला शिकल्या, सुई ओवायलासुद्धा. भाऊंनी ट्रॅक्टर विकला आणि बकऱ्या घेतल्या. थ्रेशर घ्यायला मात्र गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनी नकार दिला. ताईंना ते वाक्य जसंच्या तसं आठवत होतं. “ही मशीन दुसऱ्याच्या घरी कायले पाठवाची?” त्यानंतर त्या विषयावर ते कधीही बोलले नाहीत. माफी मागितली नाही, रडले नाहीत, की ताईंच्या उजव्या हाताकडे कधी सरळ पाहिलं नाही.

ताईंनी सोललेले दाणे सुपात लोटले आणि म्हणाल्या, की माझं दुःख तर तीन महिन्यांत वाळलं, यांचं अजून ओलं आहे.

पुढचा उन्हाळा जवळ आला तेव्हाची गोष्ट. बाभळीच्या शेंगा पिकून पडू लागल्या होत्या. शेंगा म्हणजे करड्या मण्यांच्या माळाच. बकऱ्यांना त्या फार आवडतात. ताईंनी टोपलीभर गोळा करून विहारात नेसायच्या एका जुन्या, विरलेल्या सुती साडीवर पसरल्या होत्या. दुपारी अचानक आभाळ काळवंडलं आणि अवकाळी पाऊस कोसळला. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी शेंगांसकट ती साडी उचलून थ्रेशरच्या चाळणीखाली कोंबली आणि घरात पळाल्या. दोन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी साडी बाहेर काढली तर तिच्यावर चाळणीची सगळी भोकं काळीभोर उतरली होती, ओळीने, शाईने काढावीत तशी; आणि त्या भोकांच्या जाळीतून शेंगांच्या माळा आडव्यातिडव्या पसरल्या होत्या. त्यांनी साबण लावला, दगडावर आपटली, लिंबू चोळलं. काळं काही हलेना.

मी शाळेतून आले तेव्हा त्या दारात ती ओली साडी पसरून उभ्या होत्या.

“मॅडम, हा डाग व्हय का चित्र व्हय?”

माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी ती साडी हातात घेतली. यंत्राची शिस्त आणि झाडाचा स्वैरपणा एकमेकांत असे मिसळले होते, की कोणी कोणाला धरलंय हे सांगता येऊ नये. मी शेवटी एवढंच म्हणाले, की ताई, पुन्हा करून बघू, पुन्हा झालं तर चित्र.

पुन्हा झालं. मग ते होतच गेलं. शेंगेच्या तुरटपणाला लोखंड भेटलं की काळं जन्मतं, एवढं रसायन मी पुस्तकात पाहून घेतलं; बाकी सगळं ताईंनी आपल्या अंदाजाने शोधलं. कारंजाच्या बाजारातून मी एसटीने मांजरपाटाचा तागा आणला. तो हिरड्याच्या पाण्यात बुडवून, वाळवून त्या त्यावर पानं मांडत: साग, पळस, कपाशी, निंब. वर लोखंड ठेवत. घासून गुळगुळीत झालेला विळा, सायकलची चेन, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीचे पातळ पत्रे, वखराची पास, म्हणजे त्याचं आडवं पातं. मग सगळं गुंडाळून, सुतळीने आवळून जर्मनच्या मोठ्या गंजात वाफेवर ठेवत. आमच्या वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणतात आणि लोखंडाला चढतो तोही गंजच. ताईंना याची मोठी गंमत वाटे. गंजात गंज शिजून राहिला, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्या बायांना सांगत आणि पदराआड हसत.

सुतळीची गाठ त्या स्वतःच मारत. एक टोक दातांत, एक डाव्या हातात, गाठोडं गुडघ्याखाली दाबलेलं आणि अंगठा-करंगळीची चिमटी पेचावर रोवलेली. मी अनेकदा हात पुढे केला. त्यांनी तो दर वेळी डोळ्यांनीच मागे सारला. त्या गाठीत त्यांचा सात वर्षांचा हट्ट होता आणि तो दुसऱ्याच्या बोटांनी सैल व्हावा हे त्यांना मंजूर नव्हतं.

अंगणातल्या दोरीवर कापडं वाळू लागली. वाऱ्याने ती फडफडत तेव्हा चाकांना पंख फुटल्यासारखी वाटत. माणिकभाऊ खाली वाकून दोरीखालून जात. एकदा मात्र मी त्यांना थांबलेलं पाहिलं. विळ्याच्या ठशाशी कपाशीचं पान उमटलं होतं, त्याच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, मग मी पाहतेय हे लक्षात येताच बकरीला हाकारत निघून गेले.

दिवाळीनंतर वाशीमच्या एका महाविद्यालयात चित्रप्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. विषय होता निसर्ग आणि तंत्रज्ञान. ताईंना न विचारताच मी मोबाईलवर फोटो काढून पाठवले आणि आठवड्याने संयोजकांचा होकार आला. एखादं मोठं काम असेल तर दर्शनी भिंत देऊ, असंही कळवलं. ताईंनी हे ऐकून चुलीतले निखारे पुढे ओढले. मग म्हणाल्या, की मोठं काम करायचं तर मोठ्या लोखंडाचंच करावं लागेल. कोणतं लोखंड, ते मी विचारलं नाही.

योग असा, की त्याच आठवड्यात कारंजाचा भंगारवाला टेम्पो घेऊन गावात आला आणि माणिकभाऊंनी त्याला थ्रेशर द्यायचं कबूल केलं. वितळून जाईल, कोणाच्या घरी जाणार नाही, हा त्यांचा हिशेब असावा. ताईंनी त्याला चार दिवस थांबायला सांगितलं. भाऊंनी कारण विचारलं नाही.

गावातल्या वेल्डिंगवाल्याने नट सैल करून थ्रेशरच्या पोटातला ड्रम काढून दिला. ड्रम म्हणजे लोखंडाचं मांडीएवढ्या उंचीचं नळकांडं, अंगभर रांगेने बसवलेले बोथट दात. विटांच्या दोन थप्प्यांवर त्याची दांडी टेकवली, की तो जागच्या जागी फिरत असे. ताईंनी नऊवारीच्या लांबीचं कापड हिरड्यात भिजवून तयार ठेवलं होतं आणि त्यावर मांडायला, बाभळीच्या पाल्याबरोबर, वाळलेल्या सोयाबीनच्या काड्या आणल्या होत्या. त्या दिवशी मशीनच्या तोंडाशी हेच पीक होतं, हे माझ्या लक्षात आलं. त्या मात्र काड्या निवडत होत्या, भाजी निवडावी तशा.

मी दांडी फिरवायची आणि ताईंनी कापड ताणून गुंडाळत न्यायचं, असं ठरलं होतं. जमेना. ड्रम झटक्यात पुढे फिरे, कापडाला चुण्या पडत, काड्या गळून जात. तीन वेळा आम्ही पुन्हा सुरुवात केली. ताईंच्या कपाळावर घाम होता. अशात बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू आल्या. माणिकभाऊ बांधावरून फिरून न जाता, कसे कोण जाणे, त्या दिवशी सरळ मागच्या अंगणात आले होते.

ते बघत उभे राहिले. पिवळं ऊन त्यांच्या खांद्यावर होतं आणि सावली लांब होऊन ड्रमपर्यंत पोचली होती. मग त्यांनी बकऱ्या बांधल्या, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, दोनदा धुतले, आणि येऊन माझ्या हातातून दांडी घेतली. मी बाजूला झाले.

ताईंनी कापडाचं टोक ड्रमच्या दातांवर अडकवलं. भाऊंनी दांडी फिरवली. अपघाताच्या दिवशी जो ड्रम नजरेला दिसणार नाही एवढ्या वेगाने फिरला होता, तो आता पिकलं पान खाली यावं इतक्या संथपणे वळला.

“थांबा,” ताई म्हणाल्या.

ते थांबले. ताईंनी काड्या मांडल्या, पाला मांडला, कापड ताणलं, मान हलवली. ते पुन्हा फिरवू लागले. थांबा. ते थांबले. त्या संध्याकाळी तो शब्द कितीतरी वेळा उच्चारला गेला आणि तो ऐकल्यावर ड्रम एकदाही बोटभर पुढे गेला नाही. भाऊंची नजर दांडीवर नव्हतीच. ती ताईंच्या उजव्या हातावर होती. तो हात ते पहिल्यांदाच पाहत होते, त्याचे व्रण, त्याची चिमटी, त्याने शिकून घेतलेलं सगळं कसब, आणि डोळ्यांतून वाहणारं पाणी पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

शेवटचा वेढा झाला तेव्हा ते म्हणाले, “त्या दिवशी मले ऐकू आलं नाही, निर्मला.”

“मालूम हाय मले,” ताई म्हणाल्या.

आणि त्यांनी सुतळीचं टोक त्यांच्या हातात दिलं. गाठ भाऊंनी मारली.

गंजात मावणारं ते गाठोडं नव्हतं, म्हणून ते उन्हात ठेवलं; ताई दिवसातून चार वेळा त्यावर कोमट काढा शिंपडत. तिसऱ्या सकाळी तिघांनी मिळून ते सोडलं. दातांच्या रांगा काळ्या ठिपक्यांसारख्या उमटल्या होत्या, आधी गडद, मग वेढ्यागणिक फिकट होत गेलेल्या, आणि त्यांच्यामधून सोयाबीनच्या काड्या, शेंगांसकट, करड्या, निळसर, काही नुसत्या धुरासारख्या. दुरून पाहिलं तर पेरणीनंतर पहिले कोंब वर आलेलं शेत वाटावं. माणिकभाऊंनी ते बांधावर उभं राहून पाहिलं, मग जवळून पाहिलं, आणि एका ठिपक्याकडे बोट दाखवून हा दात मी बदलला होता, एवढं सांगितलं.

ड्रम दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढवायला त्यांनीच हात लावला.

प्रदर्शनात नावाची पाटी लावायची म्हणून संयोजकांनी चित्राचं शीर्षक विचारलं. ताईंनी सांगितलं, लिहा, आमची मशीन. त्या दिवशी त्या विहारातली पांढरी साडी नेसून भिंतीपाशी उभ्या होत्या. भाऊ चार पावलं मागे नव्हते, शेजारी होते. चष्मा लावलेली एक विद्यार्थिनी बराच वेळ कापडासमोर उभी राहिली, मग तिची नजर ताईंच्या हाताकडे गेली. तिने चाचरत विचारलं, की हा यंत्राविरुद्धचा निषेध आहे का. ताईंनी तिला जवळ बोलावलं.

“मशीनले का मालूम, दाना कोन्ता अन् बोट कोन्तं,” त्या म्हणाल्या. “ते आपल्यालेच ध्यानात ठेवा लागते.”

ती मुलगी काही लिहून घेणार होती, पण तिने वही मिटली.

तीन वर्षांनी माझी बदली मानोऱ्याच्या बाजूला झाली. निघताना ताईंनी मला एक हातरुमालाएवढा तुकडा दिला, बाभळीच्या एकाच शेंगेचा ठसा असलेला. तो मी नव्या घराच्या खिडकीत टांगला. इथल्या वर्गातली मुलं आता डोंगर काढत नाहीत. सुटीत सायकलची मोडकी चाकं आणि पळसाची पानं घेऊन येतात, आणि मला जमेल तेवढं मी त्यांना सांगते. मी स्वतःही थोडी कापडं केली आहेत. ताईंच्या कापडातला निवांतपणा त्यांच्यात नाही, हे मला दिसतं.

मागच्या हिवाळ्यात लक्षात आलं, की त्या तुकड्यावरचं काळं ठिसूळ होऊ लागलंय. रंग देता देता लोखंड सुताला आतून खात असतं, हे मला ठाऊक होतं, पण आपल्या घरातल्या कापडाला ते लागू पडेल असं मनाने धरलंच नव्हतं. मी घाबरून ताईंना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, की मोठ्या कापडालाही दातांच्या जागी भोकं पडू लागली आहेत. भाऊ रोज संध्याकाळी एकेक मोजतात आणि अजून ठिगळ लावू देत नाहीत. मी म्हटलं, काहीतरी उपाय करायला हवा. त्या हसल्या. लोखंड आपलं काम करतं मॅडम, म्हणाल्या, तुम्ही पाहून घेतलं ना? मग भाऊंनी फोन घेऊन इकडे पाऊस किती झाला ते विचारलं आणि त्यांच्या मागे, अंगणात, बकऱ्यांच्या घंट्या वाजत राहिल्या.

आता सकाळी ऊन खिडकीवर आलं, की त्या तुकड्यात ज्या जागा आधी उजळतात, त्याच एके काळी सर्वांत गडद होत्या. शेंगेचे मणी एकेक करून गळून गेलेत आणि त्यांच्या आकाराचं तेवढं आभाळ तिथे उरलं आहे. दिवस मागे पडत जातात तसं माणसांचंही असंच होत असावं. ज्या जागी ती आपल्यात खोलवर उमटतात, तिथलं सूत काळ आधी विरवून टाकतो, आणि मग त्यांच्या नसण्यातूनच उजेड घरात येऊ लागतो.